भयकथांची माझी आवड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुला नेमक्या कुठल्या भयकथा आवडतात?

छोट्या, एका बैठकीत संपणाऱ्या. आणि ज्यात दार कुणीतरी आतून उघडलेलं असतं अशा. म्हणजे काय तर भूत, शाप, जे काही असेल ते उगाच वाट चुकून घरात शिरलेलं नको, घरातल्या कुणाला तरी काहीतरी हवं असतं आणि त्या हव्या असण्याच्या मागोमाग ते आत येतं. मेलेल्या बायकोचा आवाज एकदाच ऐकायचाय, किंवा आतल्या खोलीतल्या म्हातारीचं काहीतरी बिनसलंय हे सगळ्यांना कळलंय पण तिची सही व्हायचीय म्हणून सगळे गप्प. अशा कथेत मी पूर्ण अडकते, कारण त्या माणसाच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं हे वाचताना कळत असतं, आणि खरी भीती मला तिथे वाटते.

एखादं उदाहरण दे ना.

डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्सची 'द मंकीज पॉ', १९०२ सालची. खूप जणांनी शाळा-कॉलेजात वाचलेली असते आणि म्हणूनच नीट वाचलेली नसते. व्हाइट नावाचं साधं कुटुंब, आई-बाप आणि कमावता मुलगा, बाहेर पाऊस, आत बुद्धिबळाचा डाव चाललाय, आणि हिंदुस्थानात नोकरी करून आलेला एक सार्जंट मेजर माकडाचा वाळलेला पंजा घेऊन येतो. फकिराने मंतरलेला आहे, तीन इच्छा पूर्ण होतात म्हणे. आता हे लोक मागतात काय, तर २०० पौंड. राजवाडा नाही, गादी नाही, घराचं राहिलेलं कर्ज तेवढं फिटावं. मला ही कथा ग्रेट वाटते ती या आकड्यासाठी. ज्याच्या डोक्यावर होम लोन आहे अशा कुणालाही विचारा, हीच इच्छा मागेल. आणि २०० पौंड येतात हो, अगदी मोजून तेवढेच येतात, फक्त कुणाकडून आणि कशाबद्दल येतात ते मी इथे लिहिणार नाही. एवढंच सांगते की पुढे दारावर थाप पडते आणि दाराबाहेर काय आहे याचं एका ओळीचंही वर्णन जेकब्स करत नाही.

धारप की मतकरी?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि उत्तर ऐकून अर्धे लोक नाराज होतात, पण मी मतकरींच्या बाजूची आहे.

आधी धारपांबद्दल, कारण त्यांच्याबद्दल प्रेम कमी नाहीये. नारायण धारप (१९२५ ते २००८) नसते तर मराठीत भयकथा वाचणारा एवढा मोठा वर्ग तयार झाला नसता असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांची जागा उभी करायची पद्धत अफाट आहे, जुना वाडा, माजघर, बंद असलेली वरची खोली, कोपऱ्यातला ओलसर वास, चार वाक्यात तुम्ही तिथे उभे असता. आणि त्यांचं 'समर्थ' हे पात्र! संकटात सापडलेल्या माणसाकडे समर्थ येतात आणि त्या अमंगळ शक्तीशी सामना करतात. हे मराठी माणसाला इतकं का भिडलं असेल याचा मी बराच विचार केलाय. आपल्या घरांमध्ये दिवेलागणीला रामरक्षा आणि मारुती स्तोत्र म्हणतात, त्या स्तोत्रात भूत, प्रेत, समंध यांची नावं घेऊन ते सगळे नाहीसे होतात असं रामदासांनी म्हणून ठेवलंय, म्हणजे राखण करणारं कुणीतरी आहे ही खात्री आपल्यात लहानपणापासून मुरलेली असते. धारपांनी त्याच खात्रीला कथेत माणसाचं रूप दिलं.

पण माझी अडचण तीच आहे. समर्थ येणार हे माहिती असलं की मला धीर येतो, आणि भयकथेत मला धीर नकोय.

रत्नाकर मतकरी (१९३८ ते २०२०) असा धीर सहसा देत नाहीत. त्यांनी बँकेत बरीच वर्षं नोकरी केली, आणि त्यांच्या गूढकथांमधली माणसंही तशीच रोजच्या बघण्यातली, नोकरदार, फ्लॅटमध्ये राहणारी, शेजारपाजार असणारी. भूत असेलच असं नाही, पण एखाद्याच्या मनात एक गाठ असते, असूया असते, अपराधी वाटत असतं, आणि ती गाठ हळूहळू खरी होऊन समोर येऊन बसते. 'खेकडा' हा संग्रह जरूर वाचा, कथा सांगून टाकण्यात अर्थ नाही. ज्यांना वाचायचा कंटाळा आहे त्यांना 'गहिरे पाणी' ही मालिका आठवत असेल, ती त्यांच्याच कथांवर होती.

पण 'तुंबाड' तर धारपांमुळेच झाला ना?

त्या चित्रपटामागे धारपांच्या कथेचं बीज आहे, हो, आणि नाव श्री. ना. पेंडश्यांच्या 'तुंबाडचे खोत'वरून आलंय. २०१८ मध्ये आला तेव्हा मला आनंद झाला तो याच्यासाठी की ज्या मुलांनी धारपांचं नावही ऐकलं नव्हतं ती दुकानात जाऊन पुस्तकं मागायला लागली. आणि तिथेही बघा, हाव आधी आणि राक्षस नंतर. माझ्या आवडीत अगदी चपखल बसतं.

धारपांनी इंग्रजीवरून घेतलं असं म्हणतात, त्याचं काय?

घेतलं. 'लुचाई' हे स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट'वरून आहे आणि 'शपथ' त्याच्याच 'इट'वरून, दोन्ही कादंबऱ्या आहेत. मूळ लेखकाचं ऋण ठळकपणे सांगायला हवं, याबद्दल दुमत नाही. पण रूपांतर म्हणजे नावं बदलणं एवढंच काम नसतं. अमेरिकन गावात चर्च आहे, क्रूस आहे, तळघर आहे, ते सगळं काढल्यावर आपल्याकडे त्या जागी काय ठेवायचं हे ठरवावं लागतं आणि वाचणाऱ्याला ते उपरं वाटता कामा नये. ते त्यांना जमलं होतं.

कादंबऱ्या का नाही वाचत?

वाचते, पण त्या आवडीत येत नाहीत. भीतीला सवय मारते. चारशे पानं एका राक्षसाबरोबर राहिलं की पन्नासाव्या पानावर तो ओळखीचा होतो, त्याचे नियम कळतात, मग लेखकाला त्याला मोठा, अजून मोठा करत न्यावं लागतं. छोट्या कथेत सवय व्हायला वेळच नसतो. एडगर अ‍ॅलन पोने १८४२ मध्येच एका परीक्षणात लिहिलं होतं की कथा एका बैठकीत वाचून व्हावी आणि पहिल्या वाक्यापासून एकाच परिणामाकडे जावी, आणि भयकथेपुरतं तरी मला हे शंभर टक्के पटतं. मध्ये उठून कुकर बंद करून आलात की अर्धी कथा गेली.

भूत दिसलंच नाही तर भीती कशाची?

थोडंसं दिसावं. अगदी थोडं, आणि शेवटाकडे. या बाबतीत माझे गुरू एम. आर. जेम्स (१८६२ ते १९३६). केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचे प्रमुख होते, जुन्या हस्तलिखितांचे अभ्यासक, आणि दर ख्रिसमसला मित्रांना खोलीत जमवून मेणबत्तीच्या उजेडात स्वतः लिहिलेली कथा वाचून दाखवायचे. त्यांचं सांगणं होतं की माणसं आधी आपापल्या कामात निवांत दाखवा, कशाचीच चाहूल नाही अशी, मग ती गोष्ट हळूच डोकं वर काढू दे.

त्यांची १९०४ च्या संग्रहातली कथा आहे, 'ओह, व्हिसल, अँड आय'ल कम टू यू, माय लॅड'. एक प्रोफेसर समुद्रकिनारी सुट्टीला जातो, पडक्या अवशेषांमध्ये त्याला एक जुनी शिट्टी सापडते, आणि तो ती वाजवतो. कुणीही वाजवेल! हॉटेलच्या खोलीत पलंग दोन आहेत आणि राहणारा एकटा आहे, ही एवढी साधी गोष्ट जेम्स सुरुवातीला सांगून ठेवतात आणि मग विसरल्यासारखं करतात. शेवटी जे येतं त्याला स्वतःचं अंग नाहीये, अंथरुणाची चादर तेवढी आहे. रक्त नाही, सुळे नाहीत, चुरगळलेलं कापड. मी ही कथा दिवसा वाचली होती तरी हॉटेलात दोन पलंगांची खोली मिळाली की दुसऱ्या पलंगावर बॅगा, टॉवेल, काय असेल ते पसरून ठेवते.

शेवट अर्धवट सोडलेल्या कथा फसवणूक नाहीत का?

काही असतात. लेखकाला शेवट सुचला नाही म्हणून तीन टिंबं टाकून पळ काढला हे लगेच ओळखू येतं. पण टागोरांची 'क्षुधित पाषाण' (१८९५) वाचा. कापसाच्या जकातीची वसुली करणारा एक माणूस नदीकाठच्या जुन्या ओसाड महालात राहायला जातो, दिवसा तो सरकारी नोकर आणि रात्री त्या महालातल्या शेकडो वर्षांपूर्वीच्या अतृप्त इच्छा त्याला ओढून घेतात, आणि पहाटे मेहेर अली नावाचा वेडा ओरडत फिरतो की लांब राहा, सगळं खोटं आहे. ही सगळी हकिगत तो स्टेशनवर गाडीची वाट बघताना सांगतोय. कथा ऐन टोकाला येते आणि गाडी येते. तो चढतो, निघून जातो, आपण फलाटावर.

मला हा शेवट फार प्रामाणिक वाटतो, कारण गाडी येणार हे पहिल्यापासून ठरलेलंच होतं. टागोर तरुणपणी, १८७८ च्या सुमारास, अहमदाबादला शाहीबागच्या महालात भावाकडे राहिले होते आणि कथेचं बीज तिथलं आहे. त्या महालात त्यांना काही दिसलं होतं म्हणून नाही, तिथे एके काळी माणसं भरभरून जगली होती आणि आता कुणीच नाही एवढ्याच जाणिवेवर अख्खी कथा उभी आहे.

भूतच नसलेली भयकथा चालते?

चालते काय, धावते. शार्लट पर्किन्स गिलमनची 'द यलो वॉलपेपर' (१८९२) घ्या. बाळंतपणानंतर खचलेल्या बाईला तिचा डॉक्टर नवरा सक्तीच्या विश्रांतीसाठी एका घरात ठेवतो, लिहायचं नाही, काम करायचं नाही, खोलीच्या भिंतीला पिवळा कागद. नवरा वाईट नाहीये, प्रेमाने बोलतो, सारखा म्हणतो तुझ्या भल्यासाठी, आणि ते वाचताना अंगावर काटा येतो कारण हे वाक्य आपण सगळ्यांनी घराघरात ऐकलेलं आहे. गिलमनवर स्वतःवर असा उपचार झाला होता आणि ज्या डॉक्टरांनी तो केला, वेअर मिचेल, त्यांचं नावच तिने कथेत घातलंय. आपल्याकडे ओली बाळंतीण, अंधारी खोली, बाहेर पडायचं नाही हे सगळं माहिती असलेल्या कुणालाही ही कथा परकी वाटणार नाही. मी ती ज्या ज्या मैत्रिणीला दिली ती वाचून आधी थोडा वेळ काहीच बोलली नाही.

दुसरी शर्ली जॅक्सनची 'द लॉटरी', १९४८ ला 'न्यू यॉर्कर'मध्ये आली आणि मासिकाला पत्रांचा पाऊस पडला, बरेच जण संतापलेले, आणि काहींनी चक्क विचारलं की ही प्रथा नक्की कुठल्या गावात आहे. जूनची सकाळ, सगळं गाव चौकात जमलंय, बायका गप्पा मारतायत, पोरं दगड गोळा करतायत. प्रत्येकाला घरी जेवायला वेळेवर पोचायचंय. यापुढे एक अक्षर सांगणार नाही.

मग आपली मराठी भुतं? मुंजा, हडळ, खवीस?

आवडतात, पण त्यांच्यामागे माणूस दिसला तर. मुंजा म्हणजे मुंज झालेला पण लग्नाआधी गेलेला मुलगा, पिंपळावर राहतो. हे भूत नुसतं घाबरवत नाही, वाईट वाटायला लावतं, ज्या घरात असा मुलगा गेला असेल त्या आईने त्या पिंपळाकडे कसं बघितलं असेल हा विचार येतो. २०२४ च्या हिंदी सिनेमामुळे मुंजा देशभर माहिती झाला, तरी मला त्याची शांत, छोटी कथा अजून वाचायचीय. पाण्याजवळचा गिऱ्हा, रस्ता ओळखीचा असून फिरवत ठेवणारा चकवा, यांच्यावर कितीतरी लिहिता येईल. चकव्यावर तर विशेषतः, कारण त्यात कुणी दिसतच नाही, फक्त तेच झाड परत समोर येतं.

कोकणात आणि गोव्यात देवचार असतो, राखणदार म्हणतात त्याला, गावाची हद्द सांभाळणारा. त्याला रोट देतात, दारू देतात, विडी ठेवतात, आणि ठरलेलं दिलं नाही तर तो नाराज होतो. हा करार मला जबरदस्त वाटतो. राखण करणाऱ्याचीच भीती आहे, आणि जमीन विकून मुंबईला गेलेल्या घराचा करार पुढे कोण पाळणार? बंद पडलेली घरं, केअरटेकर, हायवेत गेलेली जमीन, वाटण्यांची भांडणं, सगळा मसाला तयार आहे. अशी एक कथा कुणीतरी लिहावी म्हणून मी वाट बघतेय.

हे सगळं वाचणं म्हणजे अंधश्रद्धेला खतपाणी घालणं नाही का?

हा प्रश्न मी गंभीरपणे घेते. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला आणि त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला. सातपुड्यात, नंदुरबारकडे बायकांना डाकीण ठरवून छळ झालेला आहे, ही कथा नाहीये, जिवंत बायका आहेत. त्यामुळे माझा एक नियम आहे: जी कथा गावातल्या एकट्या, विधवा, म्हाताऱ्या बाईला 'करणी करणारी' म्हणून सरळ खलनायिका करते आणि शेवटी तिला संपवून सुटकेचा श्वास सोडते ती मी कुणालाही सुचवत नाही, कितीही चांगली लिहिलेली असली तरी. तसंच खरा मांत्रिक येऊन खरा उतारा करतो आणि सगळं बरं होतं, ही जाहिरात झाली.

बाकी मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. कथा वाचायला त्याची गरजही पडत नाही, पुस्तक मिटलं की ते जग मिटतं हे ठाऊक असतं. एक आक्षेप मात्र मला मान्य आहे, की या कथांमध्ये न मानणाऱ्या माणसाला नेहमी शिक्षा होते. वर सांगितलेला जेम्सचा प्रोफेसर घ्या किंवा सत्यजित राय यांच्या 'खगम'मधला धूर्जटीबाबू. पण 'खगम' नीट वाचलं तर दिसतं की धूर्जटीबाबूला शिक्षा अविश्वासाची होत नाही. एका साधूचा पाळलेला नाग, रोज दूध प्यायला येणारा, त्याला तो निव्वळ आपलं खरं करायला मारतो. तो क्रूरपणा आहे. दाभोलकरांनी कुणाचा नाग मारला नव्हता, ते प्रश्न विचारत होते.

तुला अजिबात न आवडणाऱ्या गोष्टी?

'आणि तो दचकून जागा झाला, ते स्वप्न होतं.' पुस्तक बंद. नुसती चिरफाड. लिफ्ट मागणारी पांढऱ्या साडीतली बाई जी सकाळी कळतं की दहा वर्षांपूर्वी गेली, ही कथा प्रत्येक घाटाची आहे आणि त्या बाईला काय हवंय हे कुणीच सांगत नाही. शेवटच्या पानावर कुणीतरी जाणकार बसून सगळा इतिहास समजावतो तेही नको. आणि उद्गारचिन्हांची रांग.

रात्री एकटी असताना वाचतेस का? झोप लागते?

रात्रीच वाचते, पण ऑडिओबुक रात्री ऐकत नाही. वाचताना वेग माझ्या हातात असतो, नको वाटलं की मी ओळ सोडू शकते, ऐकताना दुसऱ्याचा आवाज थेट कानात असतो. झोप बहुतेक वेळा लागते. जॅक्सन वाचल्यावर नाही लागत.

मुलांना कधीपासून द्यायच्या?

मुलांना भीती हवी असते, फक्त ती कुणाच्या तरी मांडीवर बसून हवी असते. मतकरींचंच 'अलबत्या गलबत्या' बघा, त्यातल्या चेटकिणीला पोरं घाबरतात पण तिच्यासाठीच परत नाटकाला न्या म्हणतात, दिलीप प्रभावळकरांची चेटकीण बघितलेले लोक आजही तिच्याबद्दल बोलतात. दहा-बारा वर्षांच्या पुढे राय यांच्या कथा चालतील. 'द लॉटरी' मात्र कॉलेजपर्यंत थांबवा.

या कथा मिळतात कुठे?

जेम्स, जेकब्स, पो, गिलमन यांचं इंग्रजी मूळ जुनं आहे, नेटवर फुकट आणि कायदेशीर मिळतं. धारप आणि मतकरी पुस्तकाच्या दुकानात. पण माझा खरा सल्ला, जुन्या वाचनालयातले दिवाळी अंक. इंग्रजांकडे ख्रिसमसला भूतकथा असते तशी आपल्याकडे दिवाळीला असते आणि आपल्याला त्याचं काही वाटत नाही! 'नवल' घ्या, 'धनंजय' घ्या, फराळाच्या ताटाबरोबर खून आणि भुतं वाचणारे आपण लोक आहोत. त्या अंकांमधल्या कितीतरी कथा पुढे कुठल्याच संग्रहात आल्या नाहीत, वाचनालयाने रद्दीत काढले की संपलं. कुणाच्या माळ्यावर असतील तर टाकू नका, निदान अनुक्रमणिकेचा फोटो तरी काढून ठेवा.

मी एक भयकथा लिहिलीये, वाचून सांगशील?

नक्की, आणि कौतुक करायचं म्हणून करणार नाही. पाठवायच्या आधी एक बघा: पहिल्या दोन पानांत तुमच्या माणसाला काय हवंय ते कळतं का. नोकरी, घर, मूल, माफी, काहीही. ते कळत नसेल तर भूत कितीही भारी असलं तरी ते त्याच घरात का आलं याचं उत्तर तुमच्याकडे नसणार, आणि मी पहिलं तेच विचारणार आहे. मग भुताचं वर्णन असलेला परिच्छेद काढून टाका आणि कथा परत वाचा. चालत असेल तर तो काढलेलाच ठेवा.